अडतीस गुणिले अकरा

सकाळी बरोबर दहाला आकडे जाहीर व्हायचे. सव्वादहाला मी खाली भाजी घ्यायला उतरले की कोपऱ्यावरच्या देवकाबाई हातातला तराजू तसाच धरून विचारायच्या, "ताई, शरयूचं काय म्हणते आज?"

देवकाबाईंनी जन्मात कधी बास्केटबॉल हातात धरला नव्हता. पण त्या वर्षी अख्खं नागपूरच शरयू भोंगाडेच्या डाव्या पायाकडे डोळे लावून बसलं होतं. विदर्भ वाघिणी हा आमचा महिला संघ आठ वर्षं व्यावसायिक लीगमध्ये खेळत होता आणि पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये पोचला होता. मी या संघाची फिजिओथेरपिस्ट. मुली मला विभाताई म्हणतात.

आकडा म्हणजे काय, ते आधी सांगते.

पोटरीला टाचेशी जोडणारी जी जाड शीर असते, ती काथ्याच्या दोरासारखी हजारो बारीक धाग्यांची बनलेली असते. दोर कधी एकदम तुटत नाही. आधी आतला एक धागा जातो, मग दुसरा. धागा तुटताना टिचकी वाजावी तसा आवाज होतो, पण तो इतका बारीक आणि इतक्या वरच्या पट्टीतला असतो की माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. मोठ्या पुलांच्या तारांमधले असे आवाज टिपायची यंत्रं अभियंते फार पूर्वीपासून वापरत होते. मग कुणीतरी तोच कान माणसाच्या टाचेला लावून पाहिला. बोटभर रुंदीची, कातडीच्या रंगाची एक चिकटपट्टी. तिचं नाव ठेवलं 'कानोसा'. सराव, सामना आणि झोप एवढा वेळ ती लावायचीच. आंघोळीसाठी आणि स्वतःच्या खाजगी वेळासाठी रोज दोन तास काढायची मुभा होती.

दिवसभरात किती धागे तुटले हे कानोसा ऐकतो आणि रात्री झोपेत शरीराने त्यातले किती सांधले याचा अंदाज करतो. सांधण्यापेक्षा तुटणं जास्त होऊ लागलं की आकडा वाढतो. येत्या दहा दिवसांत ती शीर पुरती तुटण्याची शक्यता शंभरात किती, तो हा आकडा.

संघ दुखापती लपवतात अशी प्रेक्षकांची जुनी तक्रार होती. म्हणून लीगने सगळ्या खेळाडूंचे आकडे जाहीर करायचा नियम केला. त्याच आकड्यांवरून लीगचं यंत्र प्लेऑफचं भाकीतही करायचं. शरयू धडधाकट असेल तर आम्ही अंतिम फेरीत जाण्याची शक्यता चौसष्ट टक्के, ती नसेल तर बावीस. म्हणजे अर्ध्याहून जास्त संघ त्या एका मुलीच्या टाचेवर उभा होता, आणि ते पानवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

सुरुवातीला याची गंमत वाटायची. आमची फरहीन, चेंडू पुढे नेणारी, बुटकी आणि तोंडाळ, ती म्हणायची, "ताई, माझा आकडा चार! अम्मीला दाखवला तर म्हणते, परीक्षेतही चारच आणायचीस, इथे तरी जरा वाढवायचा."

मग हळूहळू लक्षात आलं की आकडा खेळाबद्दल नुसतं सांगत नाही, खेळ बदलतोही. शरयूचा आकडा वाढला की समोरचा संघ तिला मुद्दाम डाव्या पायावर वळायला लावायचा. आमच्याच मुली तिच्याकडे चेंडू टाकताना क्षणभर कचरायच्या. काळजीपोटीच, पण बास्केटबॉलमध्ये क्षणभर म्हणजे फार झालं.

शरयू काटोलची. उंची सहा फूट एक इंच, वय सव्वीस. दोन वर्षांपूर्वी तिची उजवी शीर तुटली होती. तेव्हा आमच्याकडे कानोसा नव्हता. उडी मारायला ती वाकली आणि पाठीमागून टाचेवर कुणीतरी काठी हाणल्यासारखं तिला वाटलं. कोण मारून राहिलं, म्हणून तिने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. परत मैदानावर यायला तिला चौदा महिने लागले. त्यातले पहिले चार महिने रोज सकाळ-संध्याकाळ तिची टाच माझ्या हातात असायची.

म्हणून डिसेंबरात डाव्या पायाचा आकडा अकरा झाला तेव्हा ती माझ्या खोलीत येऊन बसली.

"अकरा म्हणजे काहीच नाही गं," मी म्हणाले. "फरहीनचा मागच्या वर्षी तेरा होता."

"झोप नाही लागत, ताई. डोळे मिटले की पाठीमागून कुणी काठी घेऊन येऊन राहिलं असं वाटतं."

मी तिला श्वासाचे व्यायाम सांगितले. संघाच्या मानसतज्ज्ञ बाईंकडे जा म्हणाले. आणि ती दारातून बाहेर पडताना, अगदी सहज, घरच्या मुलीला सांगावं तसं म्हणून गेले, "तुमच्या लक्ष्मीनगरात ते दत्ताचं छोटं देऊळ आहे ना, तिथे औदुंबर आहे. सकाळी अकरा प्रदक्षिणा घालत जा. घाई करायची नाही. चालता चालता मन खाली बसतं."

हे मी उपचार म्हणून सांगितलं नव्हतं. माझी स्वतःची सकाळ त्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून तोंडातून निघालं.

चार दिवसांनी ती हसत आली. झोप लागायला लागली होती. मला बरं वाटलं, आणि मग मी ते विसरून गेले.

आकडा मात्र थांबला नाही. जानेवारीत सतरा, संक्रांतीनंतर बावीस, फेब्रुवारीच्या मध्याला सत्तावीस. ते कोडंच होतं, कारण शरयू उडीनंतर बहुतेक वेळा उजव्या पायावर उतरायची. झिजायची तर उजवी शीर झिजायला हवी होती. आमच्या प्रशिक्षकांनी, उमाठे सरांनी, तिच्या सरावातल्या उड्या निम्म्या केल्या. बूट बदलले. बंगळुरूहून लीगचा अभियंता रोज फोनवर असायचा. त्याने तिचे धावण्याचे शंभर व्हिडिओ पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, कानोसा बरोबर ऐकतोय. पण कारण मैदानावर दिसत नाहीये."

शरयूची आई काटोलहून येऊन तिच्याजवळ राहिली होती. एकदा सरावाला डबा घेऊन आली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "ताई, पोरीला तुम्ही देवाचं चांगलं वळण लावलं बाप्पा. पहाटे पाचला निघते, ते सातपर्यंत देवळातच. आमच्या घरी एवढं कुणी करत नव्हतं."

मला ऐकून छान वाटलं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. अकरा प्रदक्षिणांना दोन तास कसे लागतात, हा प्रश्न काही माझ्या मनात आला नाही.

मार्चमध्ये उपांत्य फेरी सुरू झाली. समोर कोची. पाचांपैकी तीन सामने जिंकेल तो संघ पुढे. नियम असा होता की आकडा तीसच्या वर गेला तर फिजिओच्या लेखी संमतीशिवाय खेळाडूला मैदानावर उतरता येत नाही. तिसऱ्या सामन्याच्या सकाळी शरयूचा आकडा एकतीस होता. मी सही केली आणि आम्ही जिंकलो. चौथ्याच्या सकाळी पस्तीस. मी फक्त पूर्वार्धासाठी सही केली. उत्तरार्धात ती बाकावर बसून होती आणि आम्ही हरलो. दोन-दोन अशी बरोबरी झाली. पाचवा सामना सहा दिवसांनी, नागपुरातच.

दुसऱ्या दिवशी आकडा आला अडतीस.

त्या दुपारी शरयू माझ्या टेबलावर पालथी झोपली होती. मी तिची पोटरी सैल करत होते. अंगठ्याने तळवा दाबताना हाताला काहीतरी लागलं. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कातडी घट्ट झाली होती आणि तिथे एक बारीक भेग होती. उजव्या पायाला मात्र तसाच घट्टा करंगळीच्या बाजूला. बुटांनी असं होत नाही. बुटात दोन्ही पाय सारखेच घासतात.

मी माझ्या चपला काढल्या आणि खुर्चीवर बसून स्वतःचे तळवे वळवून पाहिले. डाव्याच्या अंगठ्याखाली. उजव्याच्या करंगळीपाशी. पंचवीस वर्षांचे जुने घट्टे, पण जागा अगदी त्याच.

"शरयू," मी विचारलं, "रोज किती प्रदक्षिणा घालतेस?"

ती उशीत तोंड खुपसून होती. म्हणाली, "आकडा असेल तितक्या."

"म्हणजे अडतीस?"

"अडतीस वेळा अकरा."

मी मनात गुणाकार केला. चारशे अठरा.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी त्या देवळात गेले. शरयू ओलेत्याने चालत होती. डोक्यावरून आंघोळ, अंगाला चिकटलेला पंजाबी ड्रेस, पाय अनवाणी, हातात खटके मोजायचं छोटं यंत्र. पाराच्या एका कोपऱ्यात तिचा रुमाल घडी करून ठेवलेला होता आणि त्यात कानोसाची पट्टी. देवापुढे अंगाला काही चिकटवलेलं नको, आणि ओल्याने ती खराब झाली असती म्हणूनही. म्हणजे ज्या दोन तासांत तिची शीर सगळ्यात जास्त झिजत होती, त्याच दोन तासांत ऐकणारा कान रुमालात गुंडाळलेला असायचा.

प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवायचा असतो. म्हणजे वळण सतत उजवीकडे, आणि डावा पाय कायम बाहेरच्या बाजूला. बाहेरच्या पायाला पाऊल जरा लांब टाकावं लागतं, आणि अंग वळवायला अंगठ्यावर जोर द्यावा लागतो. मोठ्या देवळाभोवती हे जाणवतही नाही. पण हा पार जेमतेम तीस फुटांच्या घेराचा, वळण अगदी आवळ. त्यात अनवाणी. बुटाची टाच थोडी उंच असते, त्यामुळे शीर सैल राहते. फरशीवर ती पुरती ताणली जाते. अकरा प्रदक्षिणांनी कुणाचं काही बिघडत नाही. पण दोन-अडीच तासांच्या सरावाने आधीच थकलेली शीर घेऊन रोज पावणेचार किलोमीटर एकाच अंगाला वळत चालायचं, म्हणजे दोर सुरीवर घासायचा.

मी पारापाशी गेले. ती थांबली नाही. तिच्या शेजारून चालतच मी बोलले.

"शरयू, आकडा यानेच वाढतोय गं."

"नाही ताई. याने थांबून राहिला आहे. हे नसतं केलं तर आतापर्यंत साठ झाला असता."

"कशावरून?"

"तुम्ही कशावरून म्हणता याने वाढतो?"

मी तिला घट्ट्यांचं सांगितलं, वळणाचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. हुशार मुलगी आहे, समजलं नाही असं नव्हतं. पण तिची चाल मंदावली नाही.

"मी हातावर पाणी सोडून बोलले आहे," ती म्हणाली. "लीग संपेपर्यंत रोज, आकडा गुणिले अकरा. आता सोडलं आणि पाचव्या सामन्यात शीर तुटली, तर मी काय समजायचं? सांगा. झिजली होती म्हणून तुटली, का सोडलं म्हणून तुटली? मला तर आयुष्यभर दुसरंच वाटत राहील."

दुसरी एखादी फिजिओ असती तर हे खूळ आहे म्हणून मोकळी झाली असती. मी कशी होणार? तिच्या जागी मी असते तर मीही चालतच राहिले असते. महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा घालून उलट परततात. तिथे दोन्ही पायांवर सारखा भार पडला असता, असाही एक विचार येऊन गेला. पण तिने शब्द दिला होता तो दत्ताला.

"आजारी माणसाचं व्रत दुसऱ्याने पुरं केलेलं चालतं," मी म्हणाले. "माझ्या आईच्या आजारपणात तिचे सोमवार माझ्या मावशीने केले होते. मला दे."

ती पहिल्यांदा थांबली. "तुम्हाला? चारशे अठरा?"

"मी काही चोपन्नाव्या वर्षी उड्या मारत नाही. माझ्या शिरेला भार नाही."

"आणि मी कुठे आजारी आहे?"

"शंभर शरयू असत्या तर अडतीसजणींची शीर दहा दिवसांत तुटली असती. आपल्याकडे एकच आहे. हे आजारपण नाही तर काय?"

ती हसली नाही, पण पाराशी बसली. गुरुजी आत पूजेची भांडी घासत होते. त्यांच्याकडून पळी-पंचपात्र मागून आणलं. तिने स्वतःच्या तळहातावरचं पाणी माझ्या तळहातावर सोडलं. हात गार पडले होते तिचे.

"मग मी खेळणार ना, ताई?"

"आधी पाय बरा होऊ दे," मी म्हणाले.

तिने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. तिने तसा घेतला हे मला दिसलं, आणि मी काही बोलले नाही. या सगळ्या गोष्टीत माझं खरं चुकलं ते तिथे.

त्याच सकाळी मी उमाठे सरांना सगळं सांगितलं. आधी मीच सुचवलं होतं, हेही सांगितलं. सर डोक्याला हात लावून बसले.

"म्हणजे आम्ही इकडे बूट बदलून राहिलो, उड्या कमी करून राहिलो, आणि तुम्ही दोघी तिकडे देवाच्या दारात शीर घासून राहिल्या!"

"हो सर."

"मग उलट्या घालायला सांगा की. दुसऱ्या अंगाने."

"उलट्या घालत नाहीत, सर."

"नाही घालत," ते स्वतःशीच म्हणाले. "माझी बायको पण हेच म्हणाली असती." आणि थोड्या वेळाने, "बरं, हे लीगला कळवावं लागेल. कारण लिहा."

मी लिहिलं : 'रोज सकाळी सुमारे चार किलोमीटर, अनवाणी, एकाच बाजूला वळत चालणे. आता बंद.' देव, झाड, संकल्प यांतलं काही लिहिलं नाही. ते शरयूचं होतं. अभियंत्याने ते यंत्राला सांगितलं. आकडा उतरू लागला. सदतीस, पस्तीस, चौतीस. शरयू रोज सकाळी निरोप पाठवायची, 'ताई, आज तीनशे चौऱ्याहत्तरच!' आणि पुढे हात जोडल्याचं चित्र. मी रोज पहाटे तेवढ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी माझे गुडघे कुरकुरू लागले, पण मोजणी चुकली नाही.

सामन्याच्या दिवशी दहा वाजता आकडा आला तेहतीस.

साडेदहाला उमाठे सर संमतीचा कागद घेऊन माझ्या खोलीत आले. पेनचं टोपणही त्यांनीच काढून ठेवलं.

"तेहतीस," ते म्हणाले. "उतरतोय. तुमच्यामुळेच उतरतोय."

मी कागद वाचत राहिले.

"ताई, तुम्ही पस्तीसला सही केली होती."

"अर्ध्या सामन्याची."

"मग आज अर्ध्याची करा. शेवटची दहा मिनिटं द्या. पाच द्या."

"तेव्हा मला कारण माहीत नव्हतं सर. आता माहीत आहे."

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. कानोसाने जे ऐकलं त्यावरून तेहतीस आलं होतं. पण तीन महिने, रोज दोन तास, तो ऐकतच नव्हता. त्या वेळात तुटलेले धागे कुणी मोजले? अभियंता म्हणत होता की रात्रीच्या मोजणीत ते सगळं आपोआप येतं. येतही असेल. पण त्याचं यंत्र पट्टी दोन तास काढून ठेवणाऱ्या खेळाडूंवर शिकलेलं होतं. ते दोन तास आंघोळ करणारे, फोनवर बोलणारे खेळाडू होते, चारशे वेळा झाडाभोवती फिरणारे नव्हते.

सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "हे सगळं खरं असेल. पण एक विचारू? तुम्ही तिला ते सुचवलं नसतं, तर आज तेहतीसला सही केली असती का?"

मी या प्रश्नाचं उत्तर अजूनही शोधते आहे. कदाचित केली असती. माझ्या हातून जे झालं होतं त्याची भीती मला सही करू देत नव्हती, की शिरेचं खरं ज्ञान, हे मला वेगळं काढता येत नव्हतं. दोन्हींचा आवाज आतून एकसारखाच येत होता.

"माहीत नाही, सर," मी म्हणाले. "पण सही नाही करणार."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

शरयूला मी स्वतः सांगितलं. कपडे बदलायच्या खोलीत ती पायाला पट्ट्या बांधत बसली होती, गाणं गुणगुणत. ऐकल्यावर तिने बांधलेली पट्टी हळूहळू सोडली, गुंडाळी केली.

"मी तुम्हाला व्रत दिलं," ती म्हणाली. "ते खेळायला मिळावं म्हणून दिलं."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं मी त्यासाठीच देऊन राहिले ते."

"हो, माहीत होतं."

"मग घेताना बोलायचं होतं ना, ताई!"

फरहीन शेजारीच बूट बांधत होती. नेहमी काहीतरी टाकून बोलणारी ती पोरगी त्या वेळी नुसती खाली मान घालून नाडीशी चाळा करत राहिली.

भाकीत बावीस टक्क्यांवर आलं. मुली मात्र बावीस टक्क्यांसारख्या खेळल्या नाहीत. शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी होती. शरयू बाकावर उभी राहून ओरडत होती. घसा बसला तिचा. शेवटच्या चार सेकंदांत आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि चेंडू फरहीनच्या हातात होता. अशा वेळी तो शरयूकडे जायचा. फरहीनने सवयीने त्या बाजूला पाहिलं, तिथे शरयू नव्हती, आणि मग तिने स्वतःच टाकला. चेंडू कड्यावर दोनदा उडाला आणि बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी देवकाबाईंनी मला काहीच विचारलं नाही. भाजी मोजून दिली आणि वरून घालायची कोथिंबिरीची काडी घातली नाही. मी मागितलीही नाही. पेपरात एकाने लिहिलं होतं की विदर्भाचा घात कोचीने नाही, एका कागदाने केला. शरयूच्या आईचा फोन आला. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरगी जेवून नाही राहिली, ताई." मला तेच जास्त लागलं.

शीर तुटली असती तर सगळ्यांना दिसली असती. न तुटलेली शीर कुणाला दाखवणार? सही केली असती आणि ती पूर्ण सामना हसत खेळून आली असती, असंही असू शकतं. शंभरातल्या निदान सदुसष्ट शरयू तशाच आल्या असत्या. कानोसाला हे कधी कळणार नव्हतं, मलाही नाही.

मी पहाटेचं चालणं सोडलं नाही. हरल्यावर आमच्या संघाचे आकडे जाहीर होणं बंद झालं, म्हणून शेवटचाच आकडा धरला आणि रोज तीनशे त्रेसष्ट घालत राहिले.

चौथ्या दिवशी ती आली.

उजाडलं होतं. गुरुजी अंगण झाडत होते. शरयू पायात बूट घालून फाटकाशी उभी होती. मग आत येऊन पायरीवर बसली. मी एक फेरी पुरी केली, दुसरी केली. तिसऱ्या फेरीला ती बोलली.

"अजून चालूच आहे?"

"लीग संपेपर्यंत म्हणालीस तू. अंतिम सामना रविवारी आहे."

"आपण तर हरलो."

"त्याचं काही बोलणं नव्हतं झालं. लीग संपेपर्यंत, एवढंच होतं."

मी पलीकडे गेले, झाडाआड. परत तिच्यासमोर आले तेव्हा तिने विचारलं, "एक सांगाल? खरं. तुम्हाला खात्री होती का, तुटली असती म्हणून?"

"नाही."

"आणि आता?"

"आताही नाही. पुढेही होणार नाही."

मी आणखी एक फेरी घातली. आल्यावर ती म्हणाली, "खात्री होती म्हणाला असतात, तर मी उठून चालली गेली असती."

मी थांबले, कारण एक अडचण झाली होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"बोलण्यात मोजणी चुकली माझी."

"किती झाल्या होत्या?"

"एकशे चाळीसच्या पुढे. बेचाळीस की पंचेचाळीस, आठवत नाही."

"यंत्र नाही आणलं मोजायचं?"

"मला बोटांवर सवय आहे."

शरयूने नाकाने एक मोठा श्वास सोडला. सरावात एखादीने सोपा चेंडू सोडला की ती असाच सोडते. मग पायरीवर नीट मांडी ठोकून बसली.

"एकशे चाळीसच धरा," ती म्हणाली. "जास्त धरायची नाही. आणि मी अजून तुम्हाला माफ नाही केलं."

"नको करूस."

"चला. मी मोजते."

मी चालू लागले. पाराला वळसा घालून तिच्यासमोर आले तेव्हा घसा अजून बसलेलाच होता तिचा, पण आवाज मैदानावरचाच होता, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गुरुजींचा झाडू क्षणभर थांबावा असा.

"एकशे एक्केचाळीस," शरयू म्हणाली.